ट्रम्पेटचा सूर ‘भरतो’ कसा? लक्ष्मी रोडवरच्या त्या आवाजामागचा रोजचा रियाज

अनंत चतुर्दशीची दुपार. बेलबाग चौकातून लक्ष्मी रोडला लागलेलं ढोल-ताशाचं पथक पुढं सरकतं. कानाला दडे बसलेले असतात, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसतं. तेवढ्यात मागून बँड येतो. क्लॅरिनेट, युफोनियम, साइड ड्रम सगळं असतं, पण गर्दीच्या डोक्यावरून आधी येऊन पोचतो तो ट्रम्पेट. प्रभात बँड असो नाहीतर दरबार बँड, पुण्याच्या मिरवणुकीत ही नावं पिढ्यान् पिढ्या ऐकली जातात. मिरवणूक संपायला २४ तासांहून जास्त वेळ लागतो, हे पुणेकरांना सांगायला नको.

आता यातली गंमत बघा. शंभर पावलांवरून स्वच्छ ऐकू येणारा ट्रम्पेट जवळ आल्यावर कानाला टोचत नाही. उलट एखादा नवशिका त्याच्या निम्म्या जोरातही वाजवत नसतो, तरी शेजारचा माणूस कानावर हात ठेवतो. वाद्य तेच, नळी तेवढीच. मग फरक कुठं पडतो?

वाजवणारे याला सूर ‘भरणं’ म्हणतात. आणि हा भरलेला सूर बाजारातून महागडा ट्रम्पेट आणून मिळत नाही. तो रोज पाऊण तास बसून, बऱ्यापैकी कंटाळवाणं काम करून मिळतो. ते काम नेमकं काय असतं, ते नीट समजून घेऊ.

आवाज मोठा आणि सूर भरलेला, यातला फरक

ट्रम्पेट म्हणजे गुंडाळलेली नळी. सरळ केली तर जवळपास दीड मीटर भरते. एका टोकाला वाटीसारखा माउथपीस, दुसऱ्या टोकाला फाकलेलं तोंड, मध्ये तीन पिस्टन. या वाद्यात सनईसारखी पत्ती नसते. पत्तीचं काम वाजवणाऱ्याचे ओठच करतात. ओठांमधून हवा गेली की ते थरथरतात आणि तीच थरथर नळीत शिरते.

आपल्याकडं सर्रास दिसणारा ट्रम्पेट बी-फ्लॅटचा असतो. म्हणजे त्याच्या कागदावरचा ‘सी’ हा पेटीवरची काळी पाच असतो. पिस्टन न दाबता खालचा ‘सी’ लावला, तर ओठ सेकंदाला साधारण २३३ वेळा उघडझाप करतात. ऐकायला अचाट वाटतं, पण ओठ हे एकट्याच्या बळावर करत नाहीत. ओठांकडून निघालेली लहर नळीच्या तोंडापर्यंत जाते, तिचा थोडाच भाग बाहेर पडतो आणि बराचसा परत फिरतो. ही परत आलेली लहर बरोबर वेळेवर ओठांपाशी पोचली, तर पुढच्या उघडझापीला ती मदत करते.

झोपाळ्यावर बसलेल्या पोराला झोका देताना आपण हेच करतो. झोपाळा मागं आला की हलकासा धक्का पुरतो. वेळ चुकली की दुप्पट जोर लावूनही झोका अडखळतो. ट्रम्पेटच्या प्रत्येक सुराला अशी एक नेमकी जागा असते. ओठ त्या जागेवर थरथरले तर नळी स्वतःहून घुमते. जरा वर किंवा जरा खाली सरकले तरी सूर वाजतो, पण बारीक, चिमटलेला आणि किंचित कणसूर. नवशिके बहुतेक वेळा जागेच्या वरच्या कडेला लटकलेले असतात, कारण ओठ आवळले की सूर चढतो.

आणि जोर वाढवला की काय होतं? धातूच्या नळीत जोराची लहर पुढं जाता जाता आणखी टोकदार होत जाते. त्यामुळं वरचे, तीक्ष्ण स्वरांश वाढतात आणि आवाजाला तो पितळी कडकपणा येतो. कधीकधी तो हवाच असतो, पण मुळात सूर जागेवर नसेल तर हा कडकपणा म्हणजे नुसतं कर्कश ओरडणं होतं.

हे पटत नसेल तर तंबोरा आठवा. मिरजेचा चांगला तंबोरा, जवारी नीट लावलेली. खर्जाची तार छेडली की कुणीही न वाजवलेला गंधार त्यातून ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. एकाच तारेत अनेक स्वरांश दडलेले असतात आणि जवारी त्यांना मोकळं करते. ट्रम्पेटच्या नळीतही हीच शिडी आहे. पिस्टनला हात न लावता फक्त ओठ आणि हवा बदलत गेलं की सा, प, वरचा सा, त्यावरचा ग, त्यावरचा प असे स्वर एकामागून एक निघतात. म्हणजे तंबोऱ्यात जे एकाच वेळी ऐकू येतं, तेच ट्रम्पेटवर एकेक करून वाजवता येतं. ट्रम्पेटची जवारी मात्र दोरा सरकवून लागत नाही, ती ओठांनी रोज नव्याने लावावी लागते.

हे वाद्य आपलं झालं कसं?

तुतारी आणि कर्णा इथं आधीपासून होते. ओठ थरथरवून नळीतून आवाज काढायचा, हे तत्त्व तेच. पिस्टनचा ट्रम्पेट मात्र इंग्रजी पलटणींच्या बँडबरोबर आला. पुणे लष्कराचं मोठं ठाणं, त्यामुळं कवायतीचे बँड इथल्या कानांना लवकर सवयीचे झाले. आज लष्करी वादक घडवणारी मोठी संस्था मध्य प्रदेशात पचमढीला आहे, १९५० पासून.

दुसरी वाट गोव्याची. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवत. त्यातूनच आंतोनियो झेवियर वाझ नावाचा हळदोण्याचा मुलगा पुढं आला. जन्म १९१६ चा. मुंबईत तो ‘चिक चॉकलेट’ या नावानं गाजला आणि लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगानं ट्रम्पेट वाजवायचा. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांचा तो सहायक होता. भगवानदादांचा १९५१ चा ‘अलबेला’ पुन्हा बघितलात तर चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. मराठी संगीतकाराच्या चालीला गोव्याच्या ट्रम्पेटची झळाळी, हा योग हिंदी सिनेमानं पुढं कित्येक वर्षं वापरला.

आधी खर्ज, मग बाकी सगळं

पुण्यात गाणं शिकणाऱ्या घरांत पहाटे खर्ज भरण्याची जुनी सवय असते. तानांची घाई करणाऱ्या शिष्याला गुरुजी महिनोन् महिने खालच्या सप्तकात बसवून ठेवतात. कारण साधं आहे. खालचे स्वर लांब धरले की श्वास, गळा आणि कान तिघांनाही कामाला लावता येतं, आणि चूक लपत नाही.

ट्रम्पेटवाल्यांचं शास्त्र वेगळं काही सांगत नाही. पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात शिकवणाऱ्या जाँ-बातिस्त आर्बां यांचं जाडजूड पुस्तक १८६४ चं, आजही जगभर ट्रम्पेट शिकणारा ते उघडतोच. अमेरिकेत सूझाच्या प्रसिद्ध बँडमध्ये एकल वादन करणारे हर्बर्ट क्लार्क यांचे अभ्यास १९१२ चे. शिकागोच्या सिंफनी वाद्यवृंदात १९४४ ते १९८८ ट्युबा वाजवणारे आर्नल्ड जेकब्स तर श्वास कसा घ्यावा हे शिकवण्यासाठीच ओळखले गेले. पद्धती वेगळ्या, भांडणं भरपूर. पण दिवसाची सुरुवात हळू, खाली आणि मऊ करायची, यावर बहुतेकांचं एकमत आहे.

रील्समध्ये मात्र उलटं दिसतं. तिथं पहिल्या तीन सेकंदांत सगळ्यात उंच सूर आला पाहिजे. बघायला मजा येते, पण सकाळी उठून थंड ओठांनी तसं करायला गेलात तर दिवस वाया गेला म्हणून समजा.

पाऊण तासाचा रियाज

पहिली तीन-चार मिनिटं वाद्य पेटीतच राहू द्या. ताठ उभं राहायचं किंवा खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसायचं. चार मोजेपर्यंत तोंडानं श्वास आत, चार मोजेपर्यंत बाहेर. मग चार आत, आठ बाहेर. मग दोन आत, आठ बाहेर. खांदे वर जाता कामा नयेत, पोट आणि बरगड्या फुलल्या पाहिजेत. ‘हो’ म्हणताना घसा जसा मोकळा होतो, तसा मोकळा ठेवून श्वास घ्यायचा. श्वास आत जाताना घशात ‘हिस्स’ असा आवाज आला तर वाट कुठंतरी अडली आहे.

इथं पुणेकरांसाठी एक खास सूचना. प्राणायाम करणाऱ्यांना श्वास आत रोखून धरायची सवय असते. ट्रम्पेटला कुंभक चालत नाही. श्वास भरला की त्याच क्षणी, न थांबता, तो बाहेर वळला पाहिजे. झोका टोकाला जाऊन थबकत नाही, लगेच परततो, तसा. मध्ये क्षणभर जरी कुलूप लागलं तरी घसा आवळतो आणि सुराची सुरुवात फुटते.

मग ओठ. घोडा जसे ओठ फडफडवतो तसे अर्धा-एक मिनिट फडफडवायचे, म्हणजे रक्त खेळतं. त्यानंतर नुसत्या माउथपीसवर दोन मिनिटं. ‘म’ म्हणताना ओठ जसे मिटतात तसे मिटायचे, कोपरे थोडे घट्ट, मधला भाग सैल. माउथपीस ओठांवर नुसता टेकवायचा आणि फुंकर सोडायची. माशीसारखी गुणगुण आली की ती मींड घेतल्यासारखी खाली-वर न्यायची. काही शिक्षक माउथपीसच्या या व्यायामाला फार महत्त्व देतात, काही अजिबात देत नाहीत. दोन्ही बाजूंना उत्तम वादक आहेत. तेव्हा दोन मिनिटं करा आणि पुढं चला, त्यात अर्धा तास घालवण्यात अर्थ नाही.

आता ट्रम्पेट हातात घ्या आणि मोबाइलवर तंबोऱ्याचं अॅप काळी पाचला लावा. ही जोडी फार उपयोगाची आहे. पाश्चात्त्य शिक्षक विद्यार्थ्याला ट्यूनरच्या काट्याकडं बघायला लावतात. काटा डोळ्याला दिसतो, तंबोरा कानाला सांगतो. सूर जागेवर बसला की तंबोऱ्यातला घुमारा आणि ट्रम्पेटचा घुमारा एकमेकांत मिसळतात, खोली अचानक मोठी झाल्यासारखी वाटते. सूर हलला की दोघांमध्ये लाटांसारखी थरथर ऐकू येते. मोबाइल बघायची गरजच पडत नाही.

सुरुवात मधल्या पंचमापासून. कागदावर तो ‘जी’ असतो, पिस्टन एकही दाबायचा नाही. मऊ फुंकर, आठ ते दहा सेकंद एकच सूर. सूर सुरू होताना धक्का नको, संपताना चिमटा नको. मग वाद्य खाली, तेवढाच वेळ विश्रांती. त्यानंतर अर्ध्या-अर्ध्या स्वरानं खाली यायचं: तीव्र मध्यम, शुद्ध मध्यम, गंधार, कोमल गंधार, ऋषभ, कोमल ऋषभ आणि षड्ज. आठ सूर झाले, आणि पिस्टनच्या सातही जोड्या त्यात येऊन गेल्या. दुसरा, पहिला, पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा, तिन्ही, आणि मोकळी नळी.

यातल्या ऋषभ आणि कोमल ऋषभाशी जरा सांभाळून. पहिला-तिसरा आणि तिन्ही पिस्टन दाबले की नळी हिशोबापेक्षा थोडी आखूड पडते आणि सूर चढा लागतो. म्हणूनच तिसऱ्या पिस्टनच्या नळीला बोट अडकवायची कडी असते. ती नळी बाहेर सरकवून सूर उतरवायचा. कित्येक जण ही कडी नुसती शोभेची समजतात आणि ओठांनी सूर खाली ओढतात. मग घुमारा गेलाच.

दुसऱ्या फेरीत सुराची जागा शोधायची. पंचम लावा, आणि पिस्टन न हलवता नुसत्या ओठांनी तो हळूहळू अर्धा स्वर खाली वाकवा. आवाज मातकट, निर्जीव होईल. मग तसाच हळू वर आणा. वाटेत एक ठिकाण असं येतं की काहीही जास्त न करता सूर एकदम फुलतो. तीच जागा. गंमत म्हणजे बहुतेकांना कळतं की आपण रोज वाजवतो तो सूर या जागेच्या थोडा वर होता. असं झालं तर ओठ सैल सोडा, आणि पुढची मुख्य नळी थोडी आत सरकवून सूर तंबोऱ्याशी जुळवा. हे दहा मिनिटं करायचं. पाऊण तासातली सगळ्यात मोलाची दहा मिनिटं हीच आणि सगळ्यात आधी कंटाळा येतो तोही इथंच.

पुढं ओठांच्या मींडी. पिस्टन न दाबता सा ते प, परत सा. मग प ते वरचा सा. जीभ लावायची नाही, फुंकर तोडायची नाही. वर जाताना तोंडात ‘आ’चा ‘ई’ करायचा, खाली येताना ‘ई’चा ‘आ’. जीभ वर उठली की आतली वाट अरुंद होते, हवा वेगानं जाते आणि ओठ वरच्या पायरीवर उडी मारतात. हे जमलं की माउथपीस ओठांवर दाबायची गरज कमी होते. मग दुसरा पिस्टन दाबून हेच, मग पहिला, असं करत सातही जोड्या. मध्ये थांबत थांबत आठ मिनिटं.

या मींडी वरच्या गंधारापर्यंत गेल्या की एक प्रश्न हमखास येतो. पेटीबरोबर हा गंधार उतरलेला वाटतो, तंबोऱ्याबरोबर मात्र चपखल बसतो. वाद्य खराब नाही. मोकळ्या नळीचा गंधार हा निसर्गातला गंधार आहे, तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधाराचा सख्खा भाऊ. पेटीचा गंधारच त्याहून थोडा चढा बांधलेला असतो.

यानंतर क्लार्क यांच्या पुस्तकातला पहिला अभ्यास, किंवा पुस्तक नसेल तर लागून असलेले पाच-सहा स्वर, एका श्वासात, वर-खाली, अगदी हलक्या आवाजात. शेजारच्या खोलीतल्या झोपलेल्या बाळाला जाग येणार नाही इतक्या हलक्या. इथं दमसासाचा कस लागतो. हळू वाजवताना फुंकर मंदावली की सूर विझतो, त्यामुळं आवाज कमी आणि हवेचा प्रवाह चालू, हे दोन्ही एकदम सांभाळावं लागतं. मऊ आवाजात घुमारा टिकवता आला की मोठ्या आवाजात तो आपोआप येतो. उलटं सहसा होत नाही.

मग जीभ. इथं मराठी माणसाला जन्मतःच सोय आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. आर्बां यांनी जिभेसाठी ‘तु’ हे अक्षर दिलंय. इंग्रजी पुस्तकं वाचून आपण त्याचा ‘टू’ करतो आणि जीभ टाळूवर मागं मारतो. पण आर्बां फ्रेंच होते, आणि फ्रेंच ‘त’ दातांपाशी लागतो, थेट आपल्या ‘तबला’मधल्या ‘त’सारखा. तेव्हा ‘टू’ नको, सरळ ‘तु’ म्हणा. मऊ सुरुवात हवी असेल तर ‘दु’. पुढं जलद वाजवायला ‘तु-कु-तु-कु’ आणि तीन-तीनच्या लयीसाठी ‘तु-तु-कु’. ज्यानं लहानपणी तबल्याचे बोल तोंडानं म्हटलेत, त्याला हे दोन दिवसांत जमेल. जिभेनं फुंकर अडवायची नसते, वाहत्या नळाखाली बोट क्षणभर आडवं जावं तेवढाच तिचा स्पर्श.

शेवटची दहा मिनिटं गाणं. अवघड काही नको. एखादं संथ भावगीत, अभंगाची चाल, यमनचे सुरुवातीचे आलाप. आधी ओळ तोंडानं गायची आणि मग वाजवायची. जी ओळ गाता येत नाही ती भरलेली वाजतही नाही. इथं लांब सुरांमध्ये सापडलेली जागा चालीत टिकते का, हे तपासायचं.

आणि हो, जेवढा वेळ वाजवलं तेवढा वेळ विश्रांती. हे आळशीपणाचं बोलणं नाही. ओठ हा स्नायू आहे, तो थांबल्यावर सावरतो. अगदी नवख्या माणसानं पाऊण तास सलग करूच नये, सकाळी पंधरा-वीस मिनिटं आणि संध्याकाळी तेवढीच पुरे.

ओठ गेले की धंदा गेला

हौशी माणसाचे ओठ सुजले तर तो दोन दिवस ट्रम्पेट ठेवून देतो. बँडमधल्या माणसाचं तसं नसतं. त्याचं वर्ष लग्नाच्या मुहूर्तांवर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू, आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात वरातींची कामं आटतात. आणि या थंड काळाच्या मधोमध गणपती येतात. म्हणजे आठवडेच्या आठवडे वाद्याला हात नाही आणि मग एकदम तासन् तास, तेही ढोल-ताशा आणि स्पीकरच्या भिंतींशी झुंजत. रस्त्यावर आवाज परत येत नाही, स्वतःचं वाजवणं स्वतःला ऐकू येत नाही. मग माणूस जोर लावतो, माउथपीस ओठांवर दाबतो. दाबलं की वरचा सूर लगेच निघतो खरा, पण त्या दाबानं ओठांतला रक्तपुरवठा कमी होतो, थरथर मंदावते, आणि पुन्हा आणखी दाबावं लागतं.

हे चक्र कुठवर जातं याचं उदाहरण खुद्द आर्मस्ट्राँग. ओठांच्या दुखापतीमुळं १९३० च्या दशकात त्याला काही महिने वादन थांबवावं लागलं होतं. ट्रम्पेट वाजवणाऱ्यांच्या ओठांभोवतीचा गोल स्नायू फाटण्याच्या दुखण्याला १९८२ साली वैद्यकीय नियतकालिकात आर्मस्ट्राँगचंच टोपणनाव देण्यात आलं, ‘सॅचमो सिंड्रोम’.

तेव्हा वाजवून झाल्यावर ओठांवर माउथपीसचं वर्तुळ थोडा वेळ दिसणं साधारण आहे. पण ते तासन् तास जात नसेल, ओठ बधिर होत असतील, ठरावीक जागी टोचल्यासारखं दुखत असेल किंवा तोंडातून कडेनं हवा निसटायला लागली असेल, तर वाजवणं थांबवून डॉक्टरकडं जायचं. ‘वाजवून वाजवून सुटेल’ हा सल्ला इथं घातक आहे.

गालांचं काय? डिझी गिलेस्पी बेडकासारखे गाल फुगवून वाजवायचा आणि जगातल्या थोर वादकांत गणला जायचा. आपल्याकडच्या बँडमध्येही तसे गाल दिसतात. पण गाल फुगले की ओठांचे कोपरे सैल पडतात आणि शिकणाऱ्याला सुराची जागा धरून ठेवणं अवघड जातं. गिलेस्पी अपवाद होता, त्याचे गाल उचलून त्याचं वाजवणं येत नाही.

शेजारी, टेकडी आणि मोबाइल

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची खरी अडचण ओठांची नसते, वरच्या मजल्यावरच्या काकूंची असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जवळून ऐकलेला ट्रम्पेट सहज १०० च्या घरात जातो. सुदैवानं वर सांगितलेल्या रियाजातला मोठा भाग मऊ आवाजाचाच आहे. कपाटाचं दार उघडून टांगलेल्या कपड्यांकडं तोंड करून वाजवलं तरी आवाज बराच शोषला जातो. प्रॅक्टिस म्यूट मिळतो, पण तो लावल्यावर फुंकरीला अडथळा होतो आणि सुराची जागा वेगळी जाणवते. त्यामुळं रोजचे लांब सूर तरी शक्यतो म्यूटशिवाय.

टेकडीवर जाऊन वाजवायची कल्पना पुण्यात अनेकांना सुचते. हवा छान असते, पण मोकळ्यावर आवाज परत येत नाही, आणि आपण नकळत जोर लावतो. शिवाय तिथं पहाटे पक्ष्यांचा रियाज चालू असतो. त्यापेक्षा सोसायटीचा रिकामा हॉल किंवा जिन्याखालची खोली बरी. आठवड्यातले एक-दोन दिवस मोकळ्यावर वाजवायला हरकत नाही, मात्र तिथंही घरातल्याइतकीच फुंकर ठेवायची.

मोबाइलचा खरा उपयोग इथं आहे. रोज एकच संथ ओळ, एकाच जागी, मोबाइल सात-आठ फुटांवर ठेवून रेकॉर्ड करायची. अगदी जवळ ठेवलात तर माइक आवाज झेपवू शकत नाही आणि सगळंच फाटकं ऐकू येतं. लगेच ऐकायची नाही. महिन्यानं पहिल्या दिवसाची आणि तिसाव्या दिवसाची ओळ लागोपाठ ऐका. वाजवणाऱ्याच्या कानाला फरक कळत नाही, कारण तो वाद्याच्या मागं उभा असतो आणि सूर पुढं जातो.

वाद्य घेताना

देशात बँडची वाद्यं बनवणारं जुनं केंद्र म्हणजे मेरठ. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासूनची. शिकायला साधा ट्रम्पेट चालतो, फक्त पिस्टन हवा गळणारे नकोत. तपासायची सोपी युक्ती: पिस्टन न दाबता दुसऱ्या पिस्टनची छोटी नळी ओढून काढा. ‘पॉक’ असा आवाज आला तर बसण घट्ट आहे. काहीच आवाज आला नाही तर सौदा करताना विचार करा. माउथपीस मधल्या आकाराचा, बाख कंपनीच्या मोजमापात ‘सेव्हन सी’ म्हणतात तसा, सुरुवातीला पुष्कळ झाला.

पिस्टनला तेल वरचेवर, नळ्यांना ग्रीस महिन्यातून एकदा, आणि आतून कोमट पाण्यानं धुणं. पहिल्या नळीत लाळेचा थर साचला की वाद्याचा सूर खरोखरच मंदावतो, आणि माणूस आपल्या ओठांना दोष देत बसतो. पाणी उकळतं नको, वरचा मुलामा उतरतो. डिसेंबरच्या सकाळी थंड वाद्य उतरलेलं लागतं, कारण थंड हवेत आवाजाचा वेग कमी होतो. अशा वेळी नळ्या सरकवायची घाई करायची नाही. दोन मिनिटं नुसती गरम फुंकर सोडली की ते वर येतं.

आता राहिला तो मिरवणुकीनंतरचा दिवस. रात्रभर वाजवून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दोनच गोष्टी कराव्याशा वाटतात: ट्रम्पेट कपाटात टाकणं, नाहीतर ओठ अजून शाबूत आहेत का हे वरचा ‘सी’ मारून बघणं. जुने वादक दोन्ही करत नाहीत. ओठांना सूज नसेल तर संध्याकाळी दहा मिनिटं, पंचमापासून षड्जापर्यंत आणि तिथून खाली मंद्रातल्या तीव्र मध्यमापर्यंत, ऐकू येईल न येईल अशा आवाजात लांब सूर. त्याच्या वर एकही नाही. सूज असेल तर तेही नाही, फक्त श्वास आणि घोड्यासारखे ओठ.